लेझर प्रिंटरवर पत्त्यांची पाकिटं: वार्षिक सभेच्या नोटिशींच्या छपाईच्या नोंदी

काम: पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशी, साधारण साडेचारशे पाकिटं. जागा: चिपळूण तालुका. हाताशी असलेलं साहित्य: एक जुना काळा-पांढरा लेझर प्रिंटर (टोनर, म्हणजे छपाईची काळी पूड, आणि ड्रम, म्हणजे ती पूड कागदावर उतरवणारी नळी, एकाच कार्ट्रिजमध्ये; पुढे एकेक कागद घालायचा स्लॉट), एक्सेलमध्ये सभासदांची यादी आणि संस्थेचं नाव छापलेली ९ × ४ इंची पाकिटं. आजवर पत्ते हातानेच लिहिले जायचे. ज्या काकांचं अक्षर सुरेख होतं ते निवृत्त झाले, म्हणून यंदा हे काम प्रिंटरवर आलं. दुसऱ्या संस्थेत कुणाला हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते आहे.

४ ऑगस्ट २०२५

सभा १४ सप्टेंबरला. आमच्या पोटनियमाप्रमाणे नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी जायला हवी. २७ ऑगस्टला गणपती, त्या आठवड्यात कोकणात कुठलंच काम वेळेवर होत नाही. म्हणून २५ ऑगस्टला पाकिटं टपालात पडलीच पाहिजेत, असं धरून चाललो आहोत.

पहिलं पाकीट छापून बाहेर आलं तेव्हा सुंदर दिसत होतं. अंगठा फिरवला तर पत्ता निघून आला. नुसता फिका झाला असं नाही, काळी पूड अंगठ्याला लागली आणि अक्षरांच्या जागी करडा डाग उरला. टपालाच्या पोत्यात ही पाकिटं एकमेकांवर घासत मुंबईला जाणार. तिथे पोचेपर्यंत नाव शिल्लक राहिलं नसतं.

संगणकात कागदाचा प्रकार 'साधा' आणि आकार ए४ होता. पाकीट ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदाचं आहे, पण प्रिंटरमधून जाताना ते एका वेळी दोन पदरी जातं, म्हणजे १६०. जोडावर तीन पदर, म्हणजे २४०. साध्या कागदाच्या वेगाने ते फ्यूजरमधून, म्हणजे टोनर उष्णतेने वितळवून कागदावर पक्का करणाऱ्या भागातून, गेलं की तिथली उष्णता पाकीटच पिऊन टाकतं आणि टोनर नीट वितळत नाही. कागदाचा प्रकार 'एन्व्हलप' केला. प्रिंटर लगेच हळू चालायला लागला. पुढच्या पाकिटावर अंगठा, मग ओलं बोट, मग खोडरबर असं सगळं घासून पाहिलं. पत्ता जागेवर राहिला.

टोनर वाचवायचा पर्याय चालू असेल तर तोही बंद करावा. साडेचारशे पत्त्यांना टोनर तसा किती लागतो! तिथे बचत करून काही हाती लागत नाही.

५ ऑगस्ट

आज आकार आणि दिशा यांतच दिवस गेला. प्रिंटरच्या यादीत डीएल (११० × २२० मिमी), सी५ आणि अमेरिकन १० नंबर एवढे आकार सापडतात. आपल्या बाजारातलं ९ × ४ इंची पाकीट त्यांतल्या एकातही बसत नाही. डीएल निवडून छापलं तर पत्ता एका बाजूला सरकतो आणि कडेचं अक्षर कापलं जातं. 'कस्टम' मध्ये १०२ × २२९ मिमी असा स्वतःचा आकार तयार करून त्याला नाव द्यावं. हे प्रिंटरच्या गुणधर्मांत आणि वर्डच्या पानाच्या मांडणीत, दोन्हीकडे एकच हवं. एकीकडे बदललं आणि दुसरीकडे राहिलं की पत्ता पुन्हा सरकतो.

दिशेसाठी खरी पाकिटं वाया घालवू नयेत. रद्दी ए४ कागद पाकिटाच्या मापाचे कापले, प्रत्येकावर पेन्सिलने बाण काढला आणि 'वर' असं लिहून स्लॉटमध्ये घातले. बाहेर आलेल्या कागदावर बाण आणि पत्ता कुठे आहेत ते पाहिलं की कोणती कड आधी घालायची, पत्त्याची बाजू वर की खाली, सगळं कळतं. आमच्या प्रिंटरला पत्त्याची बाजू वर आणि आखूड कड आधी लागते. ज्या कागदावरून हे उत्तर मिळालं तो प्रिंटरच्या झाकणावर चिकटवून ठेवला आहे.

स्लॉटचे दोन्ही बाजूचे सरकते कठडे पाकिटाला हलकेच टेकले पाहिजेत. सैल राहिले तर पत्ता तिरका येतो. घट्ट दाबले तर पाकीट मधून कमान होऊन आत जातं आणि सुरकुती पडते.

७ ऑगस्ट

नवी अडचण. पत्त्याच्या चार ओळींपैकी तिसरी ओळ फिकी येते आणि तिच्याभोवती टोनरची काळी धूळ दिसते. बाकीच्या ओळी ठणठणीत. पत्ता बदलला तरी तिसरीच ओळ.

दोष नेमका कुठे शिरतो हे बघायला दुरुस्तीवाल्यांची एक जुनी पद्धत आहे. पाकीट अर्धं आत गेलं की प्रिंटरचं झाकण उघडायचं. तिथे चाक थांबतं आणि पाकिटाचा पुढचा भाग फ्यूजरला लागायच्या आतच हाती येतो. त्यावरचा टोनर अजून कच्चा असतो, म्हणून फुंकर मारायची नाही आणि बोटही लावायचं नाही. तसं केल्यावर दिसलं की कच्च्या अवस्थेतही तिसरी ओळ फिकीच आहे. म्हणजे फ्यूजर निर्दोष. ड्रमवरून कागदावर टोनर उतरतानाच तिथे काहीतरी कमी पडतंय.

पाकीट उजेडासमोर धरलं आणि कारण समोर आलं. ही पाकिटं मध्यजोडाची आहेत: मागच्या बाजूला बरोबर मधून, लांबीला समांतर, कागदावर कागद चिकटवलेला. पत्त्याची तिसरी ओळ नेमकी त्या जोडाच्या पायरीवर येत होती. पायरीच्या कडेला कागद ड्रमला सपाट टेकत नाही, बारीक फट राहते आणि टोनर उडी मारताना इकडेतिकडे सांडतो.

प्रिंटरच्या सेटिंगमधली छपाईची घनता वाढवून पाहिली. ओळ थोडी काळी झाली आणि धूळही तेवढीच वाढली. शेवटी पत्त्याचीच रचना बदलली: नाव आणि घर-गल्ली जोडाच्या वर, गाव आणि पिन जोडाच्या खाली, मध्ये ८ मिमी मोकळी पट्टी. पत्ता थोडा विरळ दिसतो, पण प्रत्येक ओळ स्वच्छ येते. कडेपासून १५ मिमीच्या आतही काही छापायचं नाही, कारण तिथेही कागदाचे पदर वाढतात.

८ ऑगस्ट

ही नोंद जरा सविस्तर लिहिते, कारण यातच सगळ्यात जास्त नुकसान झालं.

आठ-दहा पाकिटं सलग छापल्यावर पत्त्याच्या बाजूला फिकट तांबूस डाग दिसू लागले. प्रिंटर काळा-पांढरा. त्याच्या पोटात लाल रंग येणार कुठून? पाकिटावर संस्थेचं नाव आणि चिन्ह लाल रंगात छापखान्यातून छापून आलेलं आहे, त्यामुळे संशय तिकडेच गेला. डागांमधलं अंतर पट्टीने मोजलं: साधारण ५७ मिमी. याला ३.१४ ने भागलं की १८ मिमी येतं. म्हणजे १८ मिमी व्यासाचं काहीतरी गोल फिरतंय आणि दर फेऱ्याला डाग सोडतंय. ड्रम त्याहून जाड असतो. एवढ्या व्यासाची वस्तू म्हणजे फ्यूजरची फिल्म, जिला आमच्याकडचे दुरुस्तीवाले 'टेफ्लॉन' म्हणतात.

लाल शाई फ्यूजरच्या उष्णतेने मऊ होऊन फिल्मला लागत होती आणि एक फेरा मारून त्याच पाकिटावर, नाहीतर मागून येणाऱ्या पाकिटावर उतरत होती. छापखान्यातल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, शाई हाताला कोरडी लागली म्हणजे सुकली असं नव्हे. पावसाळ्यात ती आतून सुकायला फार वेळ घेते. आणि लेझरमधून जाणार असेल तर तसं आधी सांगायला लागतं, त्याची शाई वेगळी असते." फ्यूजरमध्ये तापमान १८० ते २०० अंशांच्या घरात जातं. साध्या ऑफसेटच्या शाईने ते सोसावं अशी अपेक्षाच चूक आहे.

पडताळा म्हणून कपाटात राहिलेली गेल्या वर्षीची पाकिटं घेतली. छापखाना तोच, लाल रंग तोच, पण वर्षभर सुकलेली. डाग आला नाही. पण ती पाकिटं अगदीच थोडी होती.

त्यामुळे नवी छापलेली पाकिटं बाजूला ठेवायचं ठरलं. संस्थेला त्यांचा खर्च आधीच लागला आहे. ती फुकट जाऊ नयेत म्हणून स्थानिक, हाताने द्यायच्या पत्रांना वापरू. टपालासाठी कोरी पाकिटं आणायची आणि संस्थेचं नाव पत्त्याबरोबरच काळ्यात छापायचं.

फ्यूजर साफ करायला प्रिंटरच्या मेनूतलं क्लीनिंग पेज चालवलं, मग कोरे ए४ कागद एकामागून एक घातले. पहिल्या काही कागदांवर तांबूस छटा आली, मग थांबली. फ्यूजर उघडून फिल्म खरवडायच्या फंदात कुणी पडू नये. तिला एक ओरखडा गेला की प्रत्येक पानावर रेघ येते.

११ ऑगस्ट

बाजारातून कोरी पाकिटं आणली, पाचशेचे साधारण सहाशे रुपये. दुकानात उभी राहून प्रत्येक प्रकारचं एकेक पाकीट उलटून पाहिलं. दुकानदार दादांना आश्चर्य वाटलं, पण मागची बाजू न बघता पाकीट घ्यायचं नाही हे आता पक्कं आहे. तिरक्या जोडाची पाकिटं निवडली: दोन्ही कोपऱ्यांपासून जोड तिरका येतो आणि फ्लॅप लांब बाजूला असतो. यात पाकीट आत जाताना पुढच्या आखूड कडेला फक्त घडी येते, जाड जोड येत नाही. आडव्या-उभ्या जोडाच्या मानाने लेझरला हे बरं. खिडकीचं पाकीट मुद्दाम टाळलं, कारण पारदर्शक प्लॅस्टिक फ्यूजरमध्ये वितळायची भीती. सोलून चिकटवायच्या पट्टीचं तर मुळीच नको, तो गोंद उष्णतेने आतच पाझरेल.

संध्याकाळी छापायला बसले आणि दोन नव्या गोष्टी झाल्या. पाकिटं बाहेर येताना फ्लॅप चिकटून बंद होत होते. आणि अक्षरं चट्टेपट्टे पडल्यासारखी, मधूनच पुसट, मधूनच काळी. बाहेर येणाऱ्या पाकिटातून वाफ निघताना डोळ्यांना दिसत होती.

हे दमटपणाचं काम. आठवडाभर पाऊस थांबलेला नाही. ऑफिसातल्या आर्द्रतामापकावर ८८ टक्के. कागदाला साधारण ४० ते ६० टक्के मानवतं. ओल्या कागदातून विजेचा भार निसटतो, म्हणून टोनरला खेचून घेणारी ओढ कमी पडते आणि अक्षर ठिपक्याठिपक्यांनी उतरतं. फ्लॅपवरचा डिंक दमटपणाने आधीच ओलसर झालेला असतो, वरून फ्यूजरचा दाब आणि उष्णता मिळाली की तो चिकटणारच.

१३ ऑगस्ट

पाकिटं सुकवण्याचे तीन उपाय करून पाहिले.

एक, कोरं पाकीट आधी प्रिंटरमधून नुसतंच फिरवून आणायचं, म्हणजे ओल निघून जाईल. ओल निघाली, पण पाकीट केळ्यासारखं वाकलं आणि दुसऱ्यांदा घालताना कोपऱ्याशी अडकलं. फ्लॅप तर पहिल्याच फेरीत चिकटला. हा उपाय सोडून दिला.

दोन, इस्त्री. आमच्या शिपाई मावशींनी हौसेने काही पाकिटांवर कोमट इस्त्री फिरवली. सपाट झाली, पण डिंकाच्या बाजूला कागद आखडला. आणि साडेचारशे पाकिटांना इस्त्री कोण करणार?

तीन, कपाटात बल्ब. पावसात पुस्तकं आणि कपडे जपायला कोकणात घरोघर हे करतात. लोखंडी कपाटाच्या तळाच्या कप्प्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावला, कागदापासून चांगला दूर आणि मध्ये जाळीचा कप्पा. एलईडी बल्ब इथे चालत नाही, त्याची ऊब पुरत नाही. वरच्या कप्प्यात पाकिटं गठ्ठ्यात न ठेवता पत्त्यांच्या पानांसारखी पसरून ठेवली, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. सकाळी आतला आकडा ५८ होता. त्या पाकिटांवर पत्ता अगदी स्वच्छ उठला. अक्षर एकसारखं काळं, चट्टा नाही, वाफ नाही.

तरीही फ्लॅप अधूनमधून चिकटत होते, म्हणून एक साधी युक्ती केली. कपाटातून एका वेळी वीस-पंचवीसच पाकिटं काढायची. ती संपली की पुढची. बाहेर अर्धा तास पडून राहिलेलं पाकीट पुन्हा दमट होतं. हे पाळल्यावर चिकटणं जवळपास बंद झालं. जे एखादं चिकटलंच ते गरम असतानाच पातळ पट्टीने सोडवायचं. गार झाल्यावर ओढलं तर कागद फाटतो.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर दुपारी ऑफिसात निवांत बसून अक्षराचा प्रश्न घेतला. पिनकोड सुरू झाला तो १९७२ सालच्या १५ ऑगस्टलाच. टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो आणला. मोठे संस्कृत कवी, आणि आपल्या कोकणातले. आमच्या कामात या सहा आकड्यांचं महत्त्व किती आहे ते आज पुन्हा जाणवलं. ४१५ मध्ये आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा बहुतेक भाग येतो, ४१६ मध्ये कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग. इंग्रजी पाचच्या पोटात टोनरचा ठिपका पडला की त्याचा सहा वाचला जातो, आणि चिपळूणचं पत्र भलत्याच जिल्ह्यात जातं. म्हणून पिन वेगळ्या ओळीत, इंग्रजी आकड्यांत, बाकी पत्त्यापेक्षा दोन पॉइंट मोठा आणि आकड्यांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवून छापायचं ठरवलं.

देवनागरीचा प्रश्न याहून नाजूक. पाकिटाचा कागद ए४ इतका गुळगुळीत नसतो, त्यामुळे बारीक रेघा तुटतात. यादीतला नेहमीचा फॉन्ट १२ पॉइंटमध्ये छापला तेव्हा शिरोरेषा मधे मधे तुटली आणि काही नावांवरचे अनुस्वार दिसेनासे झाले. 'शिंदे' चे 'शिदे' झाले, 'कांबळी' चे 'काबळी'. सभासदाच्या हातात त्याचंच नाव चुकीचं पडावं हे मला अजिबात मान्य नाही. ज्या माणसाने तीस-तीस वर्षं संस्थेत ठेव ठेवली, त्याचं नाव नीट आलंच पाहिजे.

मुक्ता फॉन्टचं मध्यम जाडीचं रूप १४ पॉइंटमध्ये घेतलं. फार ठळक केलं तर जोडाक्षरांची पोटं बुजतात. 'क्ष्म' आणि 'द्ध' काळे गोळे होतात. मध्यम जाडीत अनुस्वार टिकतो आणि पोटही मोकळं राहतं. तपासायला यादीतली सगळ्यात अवघड नावं निवडून आधी तीच छापली. लक्ष्मी, सिद्धी, कृष्णा, हर्षवर्धन अशी नावं नीट आली की बाकीची येतातच.

१८ ऑगस्ट

पाऊस प्रचंड. आज सुरकुत्यांशी झुंज.

जुन्या प्रिंटरमधून येणाऱ्या पाकिटांपैकी बऱ्याच पाकिटांच्या मागच्या कोपऱ्यात तिरकी सुरकुती पडते. दोन पदर फ्यूजरच्या दाबाखाली वेगवेगळ्या वेगाने सरकतात, आत अडकलेली हवा मागे मागे ढकलली जाते आणि शेवटी कोपऱ्यात कागद दुमडतो. पाकिटं घालण्याआधी गठ्ठा टेबलावर ठेवून तळहाताने दाबून हवा काढली. पुढची आखूड कड लाकडी पट्टीने दोन्ही बाजूंनी घासून धारदार केली. सुरकुत्या निम्म्यावर आल्या. प्रिंटरचं मागचं दार उघडून पाकीट सरळ मागे बाहेर येऊ दिलं, वळसा घेऊन वरच्या ट्रेमध्ये नाही, तेव्हा आणखी कमी झाल्या. पूर्ण गेल्या मात्र नाहीत.

सीए साहेबांच्या ऑफिसातून त्यांचा मोठा लेझर प्रिंटर दोन दिवसांसाठी मागून आणला. त्याच्या मागच्या दारात डावी-उजवीकडे दोन हिरवे खटके आहेत. ते खाली ओढले की फ्यूजरच्या रोलरांमधला दाब कमी होतो. ही सोय मुळात पाकिटांसाठीच असते आणि कित्येक ऑफिसांत तो प्रिंटर वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनाही ती माहीत नसते. ज्यांच्याकडे प्रिंटर आहे त्यांनी आजच मागचं दार उघडून पाहावं. खटके ओढल्यावर सुरकुती एकदम नाहीशी झाली.

पण दाब कमी झाला की टोनर रुतणंही कमी होतं. खोडरबराने पत्ता थोडा निघाला. कागदाचा प्रकार 'एन्व्हलप' वरून 'जाड एन्व्हलप' केला, वेग आणखी मंदावला आणि पत्ता पक्का बसला. खटके आणि कागदाचा प्रकार या दोन्ही गोष्टी सोबतच बदलायच्या. एकच केली तर एक दोष जातो आणि दुसरा उभा राहतो.

काम संपल्यावर खटके पुन्हा वर करायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सीए साहेबांची ए४ पानं हातात पुसली जायची. दारावर लाल पेनाने तशी चिठ्ठी लावली.

२० ऑगस्ट

मोठा प्रिंटर आज संध्याकाळी परत द्यायचा आहे. दूर जाणारी, म्हणजे मुंबई, ठाणे, पुण्याकडची पाकिटं त्यावर छापून घेतली. लालबाग, भांडुप, डोंबिवली, विरार इथे आमचे सभासद पुष्कळ आहेत. तालुक्यातली पाकिटं जुन्या प्रिंटरवर.

जुन्यावर दुपारी काळा ठिपका येऊ लागला. पत्त्याच्या ओळीला समांतर, एकाच रेषेत, ठरावीक अंतराने. अंतर ७५ मिमी. ३.१४ ने भागलं की २४, म्हणजे २४ मिमी व्यासाचा ड्रम. टोनर भरणाऱ्या दादाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ड्रम गेला. नवीन कार्ट्रिज टाका." नवं कार्ट्रिज सहाशे-सातशेचं, आणि त्यासाठी बाजारात जाऊन अर्धा दिवस मोडला असता.

त्याआधी कार्ट्रिज काढून, पडदे ओढलेल्या खोलीत ड्रमचं झाकण सरकवून पाहिलं. ड्रमला उजेड सोसत नाही, म्हणून जे करायचं ते झटपट. हिरवट नळीवर एका जागी मोहरीएवढा डिंकाचा कण चिकटला होता. पाकिटाच्या जोडातून निघालेला असणार. कोरड्या कापसाच्या काडीने, अगदी हलक्या हाताने, कण सुटेपर्यंत फिरवलं. नख, पाणी, स्पिरिट यांतलं काही लावायचं नाही. पृष्ठभागाला चरा गेला तर मात्र खरंच ड्रम गेला. ठिपका थांबला.

ठिपक्याचं अंतर मोजणं हे सगळ्यांनी शिकून घ्यावं. पट्टी आणि एक भागाकार एवढंच लागतं. ७५ मिमी असेल तर ड्रम, साधारण ३८ असेल तर ड्रमला भार देणारा बारीक रोलर (त्याला पीसीआर म्हणतात). आमच्या प्रिंटरची ही मापं आहेत. मोठ्या प्रिंटरांत ३० मिमीचे ड्रम असतात, तिथे अंतर ९४ येतं. ठिपके ठरावीक अंतराने येतच नसतील, तर दोष फिरणाऱ्या भागात नाही. तेव्हा कागद, दमटपणा किंवा सांडलेला टोनर पाहावा.

२२ ऑगस्ट

उरलेली पाकिटं एका बैठकीत काढायचा बेत होता, पण प्रिंटरने स्वतःच वेग कमी केला. मध्येच थांबायचा, पंखा फिरवायचा, मग पुढचं पाकीट घ्यायचा. ही बिघाडाची खूण नाही. पाकीट अरुंद, ते फ्यूजरच्या मधल्या भागातूनच जातं. दोन्ही टोकांना कागद न लागल्यामुळे तिथली उष्णता कुणी घेत नाही, टोकं तापत जातात आणि प्रिंटर त्यांना गार व्हायला वेळ देतो. त्याला तो द्यावा. बंद करून चालू केल्याने काम लवकर होत नाही.

याच कारणाने पाकिटांनंतर लगेच ए४ छापू नये. मॅनेजर साहेबांना घाईत एक पत्र हवं होतं, ते काढलं तर दोन्ही कडांना टोनर फ्यूजरलाच चिकटून पुसटपणे पुन्हा उमटला. दहा-पंधरा मिनिटं थांबून तेच पत्र काढलं, स्वच्छ आलं.

एका पाळीत साठ-सत्तर पाकिटं, मग विश्रांती. या लयीत काम व्यवस्थित पुढे सरकलं. एकाने घालायचं, दुसऱ्याने मागून घेऊन उलटी पसरायची. गरम पाकिटं लगेच एकावर एक रचली तर टोनर वरच्या पाकिटाच्या पाठीला लागतो.

२५ ऑगस्ट

सगळी पाकिटं टपालात पडली. वाया गेलेली पाकिटं, कोरी नवी पाकिटं, सिलिका जेल, बल्ब मिळून हजाराच्या आत खर्च. पैशांपेक्षा वेळ जास्त गेला, आणि त्यातला मोठा भाग लाल शाईच्या पाकिटांत. पहिल्याच दिवशी एक पाकीट उजेडासमोर धरून जोड पाहिला असता आणि छापलेल्या चिन्हावर गरम इस्त्री टेकवून रंग उठतो का ते बघितलं असतं, तर तो आठवडा वाचला असता.

लेबलं का नाही वापरली, असं संचालकांपैकी एकांनी विचारलं. लेबलांचा पूर्ण कागद नवा असेल तर ती चांगली. पण अर्धी काढलेली पट्टी पुन्हा प्रिंटरमध्ये घातली की उघडा पडलेला गोंद सरळ ड्रमला किंवा फ्यूजरला लागतो, आणि आपल्याकडे अर्धे कागद उरतातच.

१२ सप्टेंबर

पत्ता बदललेल्या सभासदांची काही पाकिटं परत आली. त्यांच्यामुळे छपाईची खरी परीक्षा झाली: पोती, पाऊस, शिक्के, पोस्टमनच्या पिशव्या सगळं झेलून ती आली आहेत. डोंबिवलीहून परतलेल्या पाकिटाचा कोपरा भिजून मऊ झाला आहे, पण ४२१२०१ जसाच्या तसा आहे. मोठ्या प्रिंटरवरच्या एकाही परत आलेल्या पाकिटाचं अक्षर हललेलं नाही. जुन्या प्रिंटरवरच्या दोन पाकिटांवर घडीच्या जागी टोनर सुटलाय, कारण तिथे पाकीट आतल्या नोटिशीच्या कडेवर दुमडलं गेलं. पुढच्या वेळी नोटीस पाकिटापेक्षा थोडी आखूड घडी करून घालणार आहोत.

एका सभासदाने मुलाच्या लग्नपत्रिकांची पाकिटं याच पद्धतीने छापून द्याल का, असं विचारलं. ती चमकदार, मोत्यासारखा मुलामा असलेली होती. एक नमुना करून पाहिला. 'जाड एन्व्हलप' वरही टोनर नखाने निघाला, मुलाम्याला तो धरतच नाही. त्यांना हाताने लिहायला सांगितलं आणि निवृत्त झालेल्या काकांचा नंबर दिला.

छापखान्याला पुढच्या वर्षासाठी दिलेली मागणी इथे उतरवून ठेवते: ९ × ४ इंच, पांढरं मॅपलिथो (मुलामा नसलेला छपाईचा कागद) ८० जीएसएम, तिरका जोड, लांब बाजूला फ्लॅप, साधा ओला करून लावायचा डिंक, खिडकी नाही, कडेला सोनेरी पट्टी नाही. संस्थेचं नाव लेझरची उष्णता सोसणाऱ्या शाईत, आणि छपाई मे महिन्यात पूर्ण, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत शाई सुकलेली असेल. आधी पन्नास नमुने पाठवा, ते आमच्या प्रिंटरमधून काढून पाहू, मग बाकीची छापा.